सातपुड्याच्या पायथ्याशी सिकलसेल

तापीच्या उत्तरेला सातपुड्याची जी रांग धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्यातून पुढे जळगाव जिल्ह्यातील चोपडा, यावल आणि रावेर या तालुक्यांच्या उत्तर सीमेवरून पुढे सरकते, तिच्या उतारावर आणि पायथ्याशी असलेल्या पावरा व भिल्ल समाजाच्या पाड्यांमध्ये सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पिढ्यानपिढ्या चालत आलेला आहे. या आजाराचे मूळ रेणूच्या पातळीवर उलगडले त्याला आता पाऊणशे वर्षे झाली, जनुकात दुरुस्ती करून तो बरा करण्याच्या पहिल्या उपचारांना २०२३ मध्ये मान्यताही मिळाली. तरीही सातपुड्यातील एखाद्या मुलाच्या सांध्यांमध्ये असह्य कळा येतात तेव्हा घरचे त्याला आधी बडव्याकडे, म्हणजे गावच्या मांत्रिकाकडे, नेतात, मग खासगी दवाखान्यात सलाइन लावून आणतात आणि आजाराचे नाव कळेपर्यंत त्याचे बालपण सरत आलेले असते. ज्ञान आणि उपचार यांमधले हे अंतर कशामुळे राहिले आणि गेल्या काही वर्षांतील संशोधनाने ते कुठे कमी केले, हा या प्रकरणाचा विषय आहे.

रक्ताला लाल रंग देणारे हिमोग्लोबिन हे प्रथिन चार साखळ्यांचे बनलेले असते, त्यांपैकी दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले एका ठरावीक क्रमाने जोडलेली असतात. त्या क्रमातील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले की हिमोग्लोबिन एस नावाचे बदललेले प्रथिन तयार होते. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रुग्णांचे हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात निराळ्या वेगाने सरकते हे दाखवून सिकलसेलला ‘रेणूचा आजार’ ठरवले, आणि पुढे १९५६ मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो बदल नेमका कोणत्या तुकड्यात आहे ते शोधून काढले. इतक्या लहान बदलाचे परिणाम फार मोठे असतात. प्राणवायू सोडून दिल्यानंतर एस प्रकारचे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब ताठर तंतू बनवते, त्यामुळे एरवी मऊ आणि गोल असणारी लालपेशी विळ्यासारखी वाकते, सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकते आणि तिच्या पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तोडते. हाडे, छाती आणि पोट यांत उठणाऱ्या कळा, ज्यांना वैद्यकात ‘पेन क्रायसिस’ म्हणतात, त्या यातूनच येतात. शिवाय निरोगी लालपेशी सुमारे १२० दिवस टिकते, तर वाकलेली पेशी १० ते २० दिवसांत मोडते. म्हणून रुग्णाचे रक्त नेहमीच कमी असते, डोळे पिवळसर दिसतात आणि मूल वयाच्या मानाने लहानखुरे राहते.

आई आणि वडील या दोघांकडूनही बदललेले जनुक आले तरच आजार होतो. एकाकडूनच आले तर ती व्यक्ती वाहक असते. आरोग्य कर्मचारी या दोन स्थितींना अनुक्रमे ‘एसएस पॅटर्न’ आणि ‘एएस पॅटर्न’ म्हणतात, आणि पाड्यांवरही हेच शब्द आता रुळले आहेत. वाहक सहसा आयुष्यभर निरोगी असतो. किंबहुना मलेरियाच्या प्रदेशात त्याला एक मोठा लाभ असतो: मलेरियाच्या परजीवीला त्याच्या लालपेशीत नीट वाढता येत नाही, त्यामुळे लहानपणीच्या जीवघेण्या तापातून तो वाचण्याची शक्यता अधिक असते. अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील पाहणीवरून १९५४ मध्ये हा संबंध मांडला. सातपुड्यातील घनदाट रान आणि पावसाळा सरल्यानंतर तिथे येणारा हिवताप लक्षात घेतला, तर हे जनुक इथे टिकून का राहिले याचे उत्तर पुष्कळ अंशी मिळते. ज्या जनुकाने एका पिढीतील अनेक मुलांना तापातून वाचवले, तेच दोन्ही बाजूंनी आल्यावर पुढच्या पिढीतील काही मुलांच्या वाट्याला हा आजार आला.

भारतात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींमध्ये झाली. महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरला तो नागपूरहून शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास. त्यानंतर राज्यभर, विशेषतः आदिवासी भागांत, चिकाटीने रक्ततपासणी करत फिरणारे संशोधक म्हणजे पुण्याचे डॉ. सुदाम काटे, ज्यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांनी आणि लिंगोजवार यांनी २००२ मध्ये मांडलेल्या आढाव्यानुसार महाराष्ट्रातील निरनिराळ्या आदिवासी जमातींमध्ये वाहकांचे प्रमाण शून्यापासून ३५ टक्क्यांपर्यंत आहे, आणि २० ते ३५ टक्के अशा सर्वाधिक प्रमाणाच्या गटात भिल्ल, माडिया, पावरा, परधान व ओतकर यांचा समावेश होतो. पाच हजारांहून अधिक रुग्ण असावेत अशा जिल्ह्यांत गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा आणि यवतमाळ यांच्या जोडीला नंदुरबारचे नाव येते. खानदेशापुरते हे आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. नंदुरबार हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीच्या कागदपत्रांत ‘धुळे’ असे जिथे लिहिले आहे तिथे अक्कलकुवा, धडगाव आणि तळोदाही अभिप्रेत असतात, तर त्यानंतर नंदुरबारचा आकडा स्वतंत्र झाल्याने शिरपूर, साक्री आणि चोपड्याच्या आदिवासी पट्ट्याकडे दुर्लक्ष होण्याचा धोका वाढला. जिल्ह्याच्या सरासरीत हे तालुके बुडून जातात, कारण धुळे आणि जळगाव यांची बहुसंख्य वस्ती तापी आणि पांझरेच्या सपाट खोऱ्यात आहे. सिकलसेलचा विचार जिल्ह्याच्या हिशेबाने न करता पाड्याच्या हिशेबाने करावा लागतो तो यामुळेच.

प्रमाणाचा अर्थ साध्या गणिताने समजून घेता येतो. एखाद्या पट्ट्यात १०० पैकी २० जण वाहक असतील आणि लग्ने तपासणीशिवाय होत असतील, तर साधारणपणे २५ जोडप्यांमागे एका जोडप्यात दोघेही वाहक असतात. अशा जोडप्याच्या प्रत्येक गर्भधारणेत मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के असते. म्हणजे त्या पट्ट्यातील दर १०० जन्मांमागे सुमारे एक मूल आजार घेऊन जन्मते. ही शक्यता प्रत्येक खेपेला नव्याने लागू होते. पहिली दोन मुले निरोगी निघाली म्हणून तिसरे आजारी असेलच, किंवा पहिले आजारी होते म्हणून पुढची सुटली, असे काही नसते, आणि समुपदेशन करणाऱ्या कर्मचाऱ्याला सर्वांत कठीण जाते ते हेच समजावणे.

भारतातील सिकलसेल आफ्रिकेतील सिकलसेलपेक्षा थोडा निराळा आहे, आणि या निराळेपणाने संशोधनाला एक महत्त्वाची दिशा दिली. गर्भात असताना बाळाच्या रक्तात हिमोग्लोबिन एफ हा वेगळा प्रकार असतो. जन्मानंतर काही महिन्यांत त्याची जागा प्रौढ हिमोग्लोबिन घेते. हिमोग्लोबिन एफ हे एसच्या तंतूंमध्ये अडथळा आणते, म्हणून ज्याच्या रक्तात ते मोठेपणीही अधिक राहते त्याचा आजार सौम्य असतो. भारतीय रुग्णांमध्ये आढळणाऱ्या, ‘अरब-भारतीय’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जनुकीय पार्श्वभूमीत एफचे प्रमाण बरेच जास्त असते, शिवाय पश्चिम भारतातील आदिवासींमध्ये अल्फा थॅलसेमिया हा दुसरा जनुकीय बदलही पुष्कळ दिसतो आणि तोही आजाराची तीव्रता कमी करतो. यावरून भारतीय सिकलसेल ‘सौम्य’ असा समज अनेक वर्षे रूढ राहिला. तो समज अर्धवट होता. दक्षिण गुजरातेतील आदिवासी रुग्णांच्या मानाने नागपूर परिसरातील रुग्णांचा आजार अधिक तीव्र असल्याचे दिसून आले, आणि सौम्य म्हटल्या गेलेल्या गटांतही वारंवार रक्त चढवावे लागणारी मुले सापडत राहिली. भारतीय मुलांमध्ये प्लीहा दीर्घकाळ मोठी राहते आणि अचानक रक्त तिच्यात साठून जीव धोक्यात येतो, ही बाब आफ्रिकेतील पाठ्यपुस्तकी वर्णनात ठळक नव्हती. ‘सौम्य’ या एका विशेषणामुळे किती मुलांच्या उपचाराला उशीर झाला असेल, याचा विचार अस्वस्थ करणारा आहे.

हिमोग्लोबिन एफ औषधाने वाढवता येते, हा गेल्या चार दशकांतील सर्वांत उपयुक्त शोध मानला पाहिजे. हायड्रॉक्सियुरिया हे मूळचे रक्ताच्या कर्करोगावर वापरले जाणारे औषध. १९९५ मध्ये अमेरिकेत २९९ प्रौढ रुग्णांवरील चाचणीत कळांच्या वार्षिक संख्येचा मध्यक नकली औषध घेणाऱ्या गटात ४.५, तर हे औषध घेणाऱ्या गटात २.५ होता. २०१९ मध्ये अंगोला, काँगो, केनिया आणि युगांडा या देशांतील मुलांवरील ‘रीच’ अभ्यासाने असे दाखवले, की मलेरियाचा प्रादुर्भाव आणि कुपोषण असलेल्या भागातही हे औषध सुरक्षितपणे देता येते, आणि ते घेणाऱ्या मुलांमध्ये मलेरियाही कमी झाला. सातपुड्याशी या निष्कर्षाचे नाते उघड आहे. त्याहूनही जवळचे काम नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात झाले: डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत तीव्र आजार असलेल्या मुलांना शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे रोज १० मिलिग्रॅम एवढीच ठरावीक मात्रा दिली गेली, जी परदेशात पायरीपायरीने वाढवत नेल्या जाणाऱ्या मात्रेपेक्षा बरीच कमी होती, आणि तरीही कळा आणि रक्त चढवण्याची गरज लक्षणीय घटली. मात्रा कमी म्हणजे पांढऱ्या पेशी घसरण्याची भीती कमी, रक्ततपासण्या कमी आणि खर्चही कमी. ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून जिल्ह्याच्या प्रयोगशाळेपर्यंत पोहोचायला अर्धा दिवस लागतो, तिथे या फरकावर उपचार चालू राहणार की बंद पडणार हे ठरते. लहान मुलांसाठी एक अडचण उरली होती, ती म्हणजे ५०० मिलिग्रॅमची कॅप्सूल फोडून अंदाजाने देण्याची. औषधाचे द्रवरूप परदेशात मिळे, पण ते थंड तापमानात ठेवावे लागे. साध्या तापमानाला टिकणारे द्रवरूप औषध २०२४ मध्ये भारतात तयार झाले. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जाणाऱ्या आणि विजेचा भरवसा नसलेल्या भागासाठी असे साधे संशोधन जनुकशास्त्रातल्या मोठ्या शोधाइतकेच मोलाचे आहे.

उष्णतेचा संबंध औषध टिकण्यापुरता नाही. एसचे तंतू किती झपाट्याने बनतात हे पेशीतील हिमोग्लोबिन किती घट्ट दाटले आहे यावर अवलंबून असते, आणि दाटपणात किंचित वाढ झाली तरी तंतू बनायला लागणारा वेळ कित्येक पटींनी घटतो. अंगातले पाणी कमी झाले की लालपेशीतलेही पाणी कमी होते आणि दाटपणा वाढतो. म्हणून तहान, ऊन, ताप, जुलाब आणि अतिश्रम ही सगळी कळा सुरू करणारी कारणे आहेत. थंडीचा कडाकाही तसाच, कारण त्यात रक्तवाहिन्या आकसतात. खानदेशातील आदिवासी कुटुंबांचे वर्ष या कारणांनी भरलेले असते. दिवाळीनंतर अनेक जोडपी कोयता घेऊन गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या फडात ऊसतोडीला जातात, मुले सोबत असतात, पहाटेच्या गारठ्यात काम सुरू होते आणि होळीच्या सुमारास, भोंगऱ्या बाजाराला, माणसे परत येतात, तेव्हा उन्हाळा तोंडावर आलेला असतो. औषधाचा मासिक पुरवठा गावाच्या आरोग्य केंद्रातून होतो, रुग्ण मात्र चार-पाच महिने गावात नसतो. हायड्रॉक्सियुरियाचा परिणाम ते रोज, खंड न पडता घेतल्यासच टिकतो, त्यामुळे उपचारात येणारा हा खंड वैद्यकीय प्रश्न म्हणूनच हाताळला जायला हवा: हंगामाला निघण्यापूर्वी पुरेशा महिन्यांच्या गोळ्या, आणि कारखान्याच्या परिसरातील आरोग्य केंद्रात चालणारी नोंद.

सिकलसेल असलेल्या लहान मुलांच्या मृत्यूचे कारण पुष्कळदा कळा नसून जंतुसंसर्ग असतो, कारण प्लीहेचे काम बिघडल्यावर न्यूमोकोकस या जंतूला अडवणारे कोणी उरत नाही. १९८६ मध्ये अमेरिकेतील चाचणीत रोज पेनिसिलिन दिल्याने हा संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी झाला, आणि नवजात बाळांची तपासणी तिथे झपाट्याने पसरली ती या निष्कर्षामुळे. न्यूमोकोकसविरोधी लस भारतात २०२१ पासून देशभरच्या नियमित लसीकरणात आली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने त्याआधी तिची देशी आवृत्ती तयार केली होती. मात्र बाळ आजारी आहे हे ठाऊक असेल तरच पेनिसिलिन वेळेवर सुरू होते, आणि हिमोग्लोबिन एफमुळे पहिले काही महिने लक्षणे झाकलेली राहतात. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर जन्मतःच निदान करता येते, हे नागपूरच्या आणि दक्षिण गुजरातेतील वलसाड भागाच्या अभ्यासांनी दाखवून दिले आहे. वलसाडकडील कामात पाच हजारांहून अधिक नवजात बाळांची तपासणी झाली आणि सापडलेल्या बाळांचा पुढे पाठपुरावाही झाला. तपासणी तिथेही आदिवासी समाजात झाल्याने, हे काम शिरपूर किंवा चोपड्यासाठी परके नाही.

तपासणीचे तंत्रही बदलले आहे. विद्राव्यता चाचणी, म्हणजे रक्ताचा थेंब रसायनात टाकून द्रव गढूळ होतो का ते पाहण्याची पद्धत, स्वस्त आणि जलद आहे, पण ती वाहक आणि रुग्ण यांत फरक करू शकत नाही. त्यासाठी विद्युतसंचलन किंवा एचपीएलसी या यंत्रावर नमुना तपासावा लागतो, आणि गाव ते प्रयोगशाळा या वाटेवरच पुष्कळ अहवाल हरवतात. बोटाच्या एका थेंबावर काही मिनिटांत एए (बदल नसलेले), एएस आणि एसएस असे स्पष्ट उत्तर देणाऱ्या पट्ट्या आल्याने ही वाट संपू शकते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेने १७ राज्यांत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले, आणि २०२५ च्या मध्यापर्यंत ६ कोटींहून अधिक तपासण्यांमधून २ लाखांहून अधिक रुग्ण आणि १६ लाखांहून अधिक वाहक समोर आले. आकडा मोठा आहे आणि कामही. परंतु तपासणी म्हणजे उपचार नव्हे. मोहिमेचे यश तपासलेल्यांच्या संख्येवर मोजण्यापेक्षा, सापडलेल्या रुग्णांपैकी किती जण वर्षभरानंतरही औषध घेत आहेत यावर मोजणे अधिक प्रामाणिक ठरेल.

२०४७ पर्यंत निर्मूलन, हे मोहिमेचे घोषित ध्येय, लग्नापूर्वीच्या तपासणीवर बरेच अवलंबून आहे, आणि इथे विज्ञान समाजव्यवस्थेला येऊन भिडते. दोन वाहकांनी लग्न करू नये हा सल्ला कागदावर सोपा वाटतो. पण ज्या पट्ट्यात पाचांत एक जण वाहक आहे आणि सोयरीक सीमेपलीकडच्या सेंधवा, बडवानी, खरगोनपर्यंत होते, तिथे मुलीच्या हातातले ‘वाहक’ असे लिहिलेले कार्ड तिच्यावर लागलेला डाग ठरू शकते. वाहकाने वाहक नसलेल्या निरोगी जोडीदाराशी लग्न केले तर एकही मूल आजारी होत नाही, हे वाक्य प्रत्येक समुपदेशनाच्या सुरुवातीला, पावरी किंवा भिली बोलीत, मुलाच्या आणि मुलीच्या दोन्ही घरांत सांगितले गेले पाहिजे. ज्यांचे लग्न आधीच झाले आहे त्यांच्यासाठी गर्भावस्थेच्या सुमारे १० ते १२ आठवड्यांत वारेचा सूक्ष्म तुकडा घेऊन निदान करता येते, परंतु मुंबईच्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेसारख्या केंद्रापर्यंत पोहोचणे यावलच्या पाड्यावरील स्त्रीला त्या मुदतीत किती शक्य आहे, हा प्रश्न उरतो.

जनुकदुरुस्तीचा उपचार याच पार्श्वभूमीवर पाहायला हवा. २००८ मध्ये बॉस्टनमध्ये विजय शंकरन आणि स्टुअर्ट ऑर्किन यांनी हे दाखवले, की बीसीएल११ए हे जनुक जन्मानंतर हिमोग्लोबिन एफचे उत्पादन बंद पाडते. क्रिस्पर या जनुक कापण्याच्या तंत्राने रुग्णाच्या स्वतःच्या मूळपेशींमध्ये या जनुकाचा नियंत्रक भाग तोडला, तर एफ पुन्हा तयार होऊ लागते. म्हणजे अरब-भारतीय रुग्णांना निसर्गाने जे काही अंशी दिले, तेच इथे प्रयोगशाळेत मिळवले जाते. चाचणीत पुरेसा काळ निरीक्षणाखाली असलेल्या ३० पैकी २९ रुग्णांना किमान वर्षभर एकही तीव्र कळ आली नाही, आणि ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये व अमेरिकेने त्याच्या पुढच्याच महिन्यात या उपचाराला मान्यता दिली. मान्यतेच्या वेळी त्याची अमेरिकेतील किंमत २२ लाख डॉलर होती, आणि त्याआधी अस्थिमज्जा रिकामी करणारी तीव्र केमोथेरपी घ्यावी लागते. भारतात दिल्लीच्या जीनोमिक्स व समवेत जीवविज्ञान संस्थेने स्वतःचे क्रिस्पर तंत्र विकसित केले असून, नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘बिरसा १०१’ या नावाने ते जाहीर झाले आणि पुढील विकासासाठी सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवण्यात आले. किंमत उतरवण्याचा हा प्रयत्न स्वागतार्ह आहे, पण औषधाच्या वाटेत अपेक्षाभंगही असतात: लालपेशीतील हिमोग्लोबिन वाढते म्हणून २०१९ मध्ये झटपट मान्यता मिळालेले व्होक्सेलोटर, रुग्णांचे नुकसान होत असल्याची चिन्हे दिसल्यावर सप्टेंबर २०२४ मध्ये जगभरातून मागे घेण्यात आले. प्रयोगशाळेतील एक आकडा सुधारणे आणि रुग्णाचे आयुष्य सुधारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

खानदेशापुरते पाहता, सर्वांत मोठे अज्ञान अजून साध्या प्रश्नांचे आहे. पावरा समाजातील एसएस बाळ जन्मापासून दहा वर्षांचे होईपर्यंत नेमके कशाने आजारी पडते, त्याची प्लीहा कोणत्या वयात कामातून जाते, कमी मात्रेतील हायड्रॉक्सियुरिया ऊसतोडीच्या हंगामातही चालू ठेवल्यास कळा किती घटतात, मे महिन्यातील उष्णतेच्या लाटेत रुग्णालयात येणाऱ्यांची संख्या वाढते का, या प्रश्नांची उत्तरे नागपूर किंवा वलसाडच्या अभ्यासांतून उसनी घेता येत नाहीत, कारण इथली जनुकीय पार्श्वभूमी, अन्न, कामाचे चक्र आणि हवामान वेगळे आहे. धुळ्यात भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावातही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, यावल आणि धुळे येथे आदिवासी विकास प्रकल्पांची कार्यालये व त्यांच्या अखत्यारीतील आश्रमशाळा आहेत. जन्मतः निदान झालेल्या बाळांची एक यादी करून त्यांच्यामागे दहा वर्षे सातत्याने जाण्यासाठी लागणारी माणसे आणि संस्था इथे आधीपासूनच आहेत.